फणसे मास्तरांचा हात

फणसे मास्तरांबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. बोलायचं मात्र कधी टाळलं नाही. कल्याण, डोंबिवली, ठाणे, तिन्ही गावांत अजून अशी माणसं आहेत की लग्नाच्या मांडवात मी दिसलो की जेवणं आटोपल्यावर म्हणतात, "सदाभाऊ, ते फणसे मास्तर करा ना." आणि मी करतो. म्हणजे करत असे. खुर्ची ओढायची, टेबलाचा पियानो करायचा, खांदे कानापर्यंत न्यायचे आणि किनऱ्या आवाजात ओरडायचं, "खांदा घरी ठेवून ये!" लोक हसून लोळतात. ज्यांनी मास्तरांना पाहिलं त्यांचे नातूसुद्धा हसतात.

नकलेत थोडंफार वाढवून दाखवायचं असतंच. पण माझ्या नकलेत एक गोष्ट वाढवलेली नाही, निव्वळ खोटी आहे. ती सांगण्याआधी खरे मास्तर सांगायला हवेत. नाहीतर तुमच्या डोळ्यांपुढे माझी नक्कलच राहील.

खरे मास्तर पियानो शिकायला आलेल्याला पहिले काही आठवडे पियानोला हात लावू देत नसत. ते पाटावर शिकवत. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट. त्यावर त्यांनी चुन्याने आणि काजळीने पियानोच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या रंगवल्या होत्या. पाट टेबलावर ठेवायचा आणि त्यावर बोटं चालवायची. आवाज अर्थातच नाही. लाकडावर टकटक झाली तर मास्तर कपाळावर हात मारून घेत.

"सुतार बोलावलाय का रे कोणी?"

"पण मास्तर, ऐकू काहीच येत नाही."

"तेच तर! ऐकू आलं की माणूस भुलतो. आधी हात. आवाज येतो मागनं, बैलामागनं गाडी यावी तसा."

हात कसा हवा? तर वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखा. ही त्यांची आवडती उपमा. खांद्याच्या खुंटीवर हात नुसता टांगलेला पाहिजे, आणि पट्टीवर पडला पाहिजे तो आपल्या वजनाने. "मारू नकोस, पडू दे. झाड आंबा मारतं का जमिनीवर? तो पडतो." आणि खांदा वर आला की ठरलेलं वाक्य, "खांदा घरी ठेवून ये."

मास्तर कल्याण स्टेशनात पार्सल ऑफिसात कारकून होते. बुटके, गोरे, टक्कल पडलेले, पांढरी टोपी आणि लांब कोट. दुरून पाहणाऱ्याला ते अगदी आपल्यापैकीच वाटत. जवळ गेलं की लक्षात येई, हा माणूस आपल्या तोंडाकडे बघतच नाही, खांद्याकडे बघतो. माझी ओळख त्यांना चेहऱ्यावरून कधीच पटली नसती. "तो उजवा खांदा चढलेला ना? परांजप्यांचा सदा?" असं ते विचारत.

त्यांना गावातल्या सगळ्यांच्या खांद्यांची काळजी. पोस्टात शिक्के मारणाऱ्या बाबूला त्यांनी खिडकीतून सांगितलं होतं, "मनगटाने मारताय. पन्नाशीत हात जाईल. कोपरापासून सोडा." बाबूने तिकिटं दिली नाहीत. काळ्या तलावावर धोबी चादरी आपटायचा. त्याच्या पाठीशी उभं राहून हे बराच वेळ "वा, वा" करत राहिले आणि मग म्हणाले, "सगळं उत्तम, फक्त श्वास धरून ठेवतोस." धोब्याने ओली चादर त्यांच्या हातात दिली. "घ्या साहेब. तुम्हीच आपटा." मास्तरांनी खरंच आपटली. कोट ओला करून घरी आले आणि दोन दिवस खुशीत होते.

कल्याणात पियानो कसा, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. स्टेशनापलीकडच्या रेल्वे कॉलनीत साहेब लोकांचा क्लब होता. त्याच्या हॉलमध्ये हा पियानो. इंजिन ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांच्या बायका तो वाजवत. त्यांतल्या एका ड्रायव्हरच्या मडमेकडे मास्तर तरुणपणी शिकले. कसे, ते त्यांनीच सांगितलं. क्लबात पार्सल पोचवायला गेले असताना ती वाजवत होती आणि हे पावतीवर सही घ्यायची विसरून उभे राहिले. तिने विचारलं, शिकायचंय? हे 'हो' म्हणाले. घरी सांगितलं की जादा ड्यूटी लागली.

स्वातंत्र्य आलं, कॉलनी हळूहळू रिकामी झाली. मडमही नवऱ्याबरोबर विलायतेला गेली. पियानो कोणी नेला नाही. क्लबात आता आपली माणसं आली. ती पियानोवर कॅरमच्या पावडरीचा डबा आणि चहाचे कप ठेवू लागली. मास्तरांनी रोज संध्याकाळी जाऊन ते कप उचलायला सुरुवात केली. मग झाकण पुसलं. मग वाजवलं. मग एक-दोघांनी शिकवा म्हटलं. सेक्रेटरींनी परवानगी दिली ती एका अटीवर, की कॅरम चालू असताना मोठ्याने वाजवायचं नाही. मास्तर म्हणाले, "मोठ्याने मी कधीच वाजवत नाही. लांब वाजवतो." सेक्रेटरींना यातलं काही कळलं नाही, म्हणून त्यांनी होकार दिला.

मी त्यांच्याकडे शिकायला गेलो तो तेविसाव्या वर्षी, मुंबईला एका कंपनीत नोकरीला लागल्यावर. मला नकलांचा नाद होता. मेळ्यात, गणेशोत्सवात माझा कार्यक्रम असे. नकलांच्या मधे मधे दोन गती पियानोवर वाजवल्या तर रंग येईल असा माझा हिशेब. मास्तरांनी मला पाटावर बसवलं आणि थोडा वेळ बघून म्हणाले, "सदा, तू वाजवत नाहीस रे. तू तक्रार करतोयस."

त्यांनी मला खूप शिकवायचा प्रयत्न केला. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यावर बसवलं, पाय जमिनीला टेकवून. "पेटीला भाता असतो. पियानोचा भाता म्हणजे आपली पाठ." पुढे पियानोवर बसू दिलं तेव्हा मी सूर वाजवून झाल्यावर, तो गोड व्हावा म्हणून, पट्टी आणखी दाबत असे. मास्तर हसत. "आता काय दाबतोस? पट्टी खाली गेली, हातोडी तारेवर बसून परत आली. सूर गेला गावाला. जे करायचं ते आधी, नंतर कितीही दाब." हे ते वारंवार सांगत. मला तेव्हा त्यात फक्त नकलेचं वाक्य दिसलं.

आता ती मुख्य गोष्ट. मास्तर विद्यार्थ्याच्या हाताला हात लावत नसत. मुलगा असो, मुलगी असो, माझ्यासारखा घोडा असो. मनगट असं धर, बोट असं वाकव, हे त्यांनी कधीही धरून दाखवलं नाही. ते स्वतः वाजवायला बसत, कोटाची बाही कोपरापर्यंत सारत आणि म्हणत, "ठेव हात." मग शिकणाऱ्याने आपला पंजा त्यांच्या हातावर, कोपराच्या जरा पुढे, हलकाच ठेवायचा. ते वाजवत, आणि आपल्या पंजाखाली त्यांचं वजन सरकलेलं कळे. खांद्यातून निघालेलं, कोपरातून गेलेलं, बोटाच्या टोकाला पोचलेलं. मांजर भिंतीवरून उतरावं तसं.

हे त्यांना मडमेने शिकवलं होतं. गोरी बाई आणि पार्सलचा कारकून. तिने त्याचा हात धरणं बरं दिसलं नसतं आणि त्याने तिचा धरणं तर नाहीच. म्हणून तिने हा मार्ग काढला असावा. मास्तरांनी त्याचा नियम केला. "शिकणाऱ्याचा हात वर, शिकवणाऱ्याचा खाली. दुसऱ्याचा हात धरून हलवला तर त्याला तुझी ओढ कळेल, सूर कळणार नाही."

मला वजन जाणवलं, पण वाजवता काही आलं नाही. वाजवता आलं ते कुसुमला.

कुसुम म्हणजे वैद्य वकिलांची मुलगी. सतरा-अठरा वर्षांची, शेलाटी, बोलायला कमी. तिच्याबरोबर तिच्या आत्याबाई येत. लाल आलवणातल्या, करारी. त्या कोपऱ्यात खुर्चीवर मांडी घालून कापसाच्या वाती वळत बसत. मास्तरांचं एक लक्ष त्यांच्याकडे. "कुसुम, आत्याबाईंची बोटं बघ. कापूस तुटत नाही आणि सुटतही नाही."

"मेल्या, पोरीला शिकव. माझ्या वातींना दृष्ट लागेल," आत्याबाई म्हणत. मास्तर खुदकन हसत. त्यांना 'मेल्या' म्हणणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. बायको लग्नानंतर थोड्याच काळात गेलेली, मूलबाळ नाही. घरी खानावळीचा डबा आणि तो पाट.

कुसुम एक संथ गत वाजवायची. मी हॉलच्या दारात उभा राहून ती ऐकली आहे. कॅरमवाले स्ट्रायकर हातात धरून थांबत. ती फार काही करत नसे. हात पट्टीवर पडे, सूर निघे, आणि पुढचा निघेपर्यंत पहिला टिकून राही. मास्तर दूर खिडकीशी उभे राहून तिच्या खांद्यांकडे बघत. मुंबईला विलायती परीक्षक येऊन पियानोची परीक्षा घेतात, तिला तिथे बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. वकिलांनी हो-नाही करत होकार दिला. मास्तरांनी त्या दिवशी स्टेशनात पेढे वाटले. पार्सल ऑफिसातले विचारू लागले, फणसे, दुसरं लग्न की काय?

त्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या आळीच्या मंडपात माझा कार्यक्रम होता. नेहमीच्या नकला झाल्या. स्टेशनमास्तर, मारवाडी, नाटकातला नट. लोक हसत होते, पण ऐकलेलंच ऐकताना हसतात तेवढंच. म्हणून मी तालीम करून ठेवलेलं नवं काढलं. फणसे मास्तर. ते स्वतः तिसऱ्या रांगेत बसले होते, हे मला माहीत होतं. धोबी केला, शिक्केवाला केला, "सूर गेला गावाला" केलं. मंडप हलायला लागला. मास्तर टोपी काढून डोळे पुसत होते. हसून हसून.

पुढे शिकवणी दाखवायची होती. माझ्या मित्राला डोक्यावर उपरणं घालून मुलगी म्हणून बसवलं होतं. तालमीत आम्ही खरं होतं तसंच केलं होतं. मुलीचा हात वर, मास्तरांचा खाली. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. उभं राहिल्यावर क्षणात मला सुचलं. मी मुलीचा हात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत माझी बोटं चालवली, डोळे मिटले आणि म्हटलं, "वजन जाणवतंय का गं?"

एवढा हशा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. शिट्ट्या झाल्या. मागच्या रांगेतले उभे राहिले. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मास्तरांची टोपी अजून हातातच होती. ते हसत नव्हते. रागावलेलेही नव्हते. माझ्या खांद्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीसाठी स्टेशनात गेलो तर ते पार्सलच्या दाराशी उभे. मी मनात तयारी केली. ते म्हणाले, "चांगली केलीस. पण एक चुकलं."

"काय, मास्तर?"

"माझे खांदे इतके वर असतात का रे?"

"नाही, मास्तर."

"मग?" असं म्हणून ते आत गेले. हाताबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मी सुटलो असं मला वाटलं.

त्याच आठवड्यात कुसुम यायची बंद झाली. वकील मंडपात नव्हते. त्यांना कोर्टाच्या आवारात कोणीतरी हसत हसत विचारलं, "काय वकीलसाहेब, मुलीला वजन जाणवतंय का?" पुढचं सांगायला नको. दुसऱ्या दोन मुली येत, त्याही थांबल्या. क्लबच्या सेक्रेटरींनी मास्तरांना बोलावून सांगितलं, आम्हाला तसं काही म्हणायचं नाही, पण बायकांच्या शिकवण्या इथे नकोत.

आत्याबाई माझ्या घरी आल्या. आईशी दोन शब्द बोलून माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"सदा, तू तिथे शिकलायस. कोणाचा हात कुठे असतो, तुला ठाऊक आहे."

"हो."

"मग चल माझ्याबरोबर. दादाला सांग. मी सांगून दमले. मी रोज तिथे बसत होते म्हटलं, तर मला म्हणतो, तू वातींकडे बघत होतीस."

"आत्याबाई, ती गंमत होती हो. गंमत कोणी खरी धरतं का?"

"धरलीय ना मेल्या! परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

"येतो उद्या," मी म्हटलं.

उद्या मी गेलो नाही. डोंबिवलीच्या मंडळाचं बोलावणं होतं. त्यांना मुद्दाम फणसे मास्तरच हवे होते. त्यानंतर ठाण्याचं बोलावणं आलं. एका ठिकाणी 'ते खोटं आहे' म्हणायचं आणि दुसरीकडे तेच करायचं, हे मला जमलं नसतं. म्हणून मी म्हणालोच नाही. नक्कल मात्र दर वेळी तशीच केली, हात वरून धरून. हशा तिथेच असे.

आत्याबाई पुन्हा आल्या नाहीत. परीक्षा होऊन गेली. कुसुमचं पुढल्या वर्षी लग्न झालं आणि ती नागपूरकडे गेली. मास्तर अधूनमधून क्लबात जाऊन कप उचलत. मग पियानोला वाळवी लागली म्हणून क्लबाने तो काढून टाकला, आणि त्यांनी तिकडे जायचं सोडलं.

काही वर्षांनी ते निवृत्त होऊन डोंबिवलीला एका खोलीत राहायला गेले. मी एका रविवारी सकाळी गेलो. मनात वाक्य घोकलं होतं. दार उघडून त्यांनी आधी माझ्या खांद्याकडे पाहिलं. "सदा! अजून चढलेलाच?" बसवलं, स्टोव्ह पेटवून स्वतः चहा ठेवला. खोलीत एक खाट, एक टेबल. टेबलावर तो पाट. पट्ट्यांचा चुना नव्याने दिलेला होता.

"शिकवता अजून?" मी विचारलं.

"कोणाला शिकवणार? मीच वाजवतो." मग जरा लाजून म्हणाले, "शेजारच्यांना वाटतं म्हातारा पाटावर पीठ मळतो. ऐकतोस?"

ऐकायचं काय, हा प्रश्न मी गिळला. ते खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यावर बसले, पाय टेकवले, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सारली.

"ठेव हात."

मी ठेवला. हात बारीक झाला होता. कातडी सैल, मऊ. ते वाजवू लागले. खोलीत फक्त स्टोव्हची सूंसूं. पण माझ्या पंजाखालून वजन निघालं आणि गेलं, थांबलं, पुन्हा गेलं. थोड्या वेळाने मी ओळखलं. कुसुमची ती संथ गत. क्लबच्या दारात उभा राहून ऐकलेली. इतक्या वर्षांनी, आवाजाशिवाय, ती मला पहिल्यापासून ऐकू आली. मधेच हात थांबला.

"पुढे, मास्तर?"

"ती इथपर्यंत आली होती," ते म्हणाले. "पुढचं तिला दाखवायचं राहिलं. म्हणून मीही इथेच थांबतो. एकट्याने पुढे जाणं बरं दिसत नाही."

माझा हात त्यांच्या हातावरच होता. घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं. त्यांना ते कळलं असावं, कारण ते मान न वळवता हलकेच म्हणाले, "खांदा सोड, सदा. खांदा सोड." मी खांदा सोडला. वाक्य बोललो नाही. चहा प्यालो, बरं आहे म्हटलं आणि निघालो. जिन्यापर्यंत ते पोचवायला आले.

परत जायचं ठरवत राहिलो. ते गेल्याचं मला कोणाकडून तरी मुंबईत कळलं. डोंबिवलीला पोचलो तेव्हा खोलीला नवं बिऱ्हाड आलेलं होतं. पाटाचं विचारलं. बाईंनी दाखवला. घासून स्वच्छ केला होता आणि त्यावर बसून त्यांचा मुलगा जेवत होता.

त्यानंतरही मी लग्नांतून ती नक्कल केली आहे. आता करणार नाही. बाकी, पट्टी खाली गेल्यावर कितीही दाबून काही होत नाही, हे मला मास्तरांनीच शिकवलेलं आहे. तरी त्या रविवारी घोकून नेलेलं वाक्य होतं ते एवढंच:

मास्तर, हात मुलीचा वर असायचा, तुमचा खाली. मला ठाऊक होतं. मला माफ करा.